मार्च एंडच्या केसेस

१९९१ सालच्या मार्चचा शेवटचा आठवडा. खटाव तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात एक गुरुजी आणि मी हमरीतुमरीवर आलो होतो. वाद एका बाईवरून होता. ती कुणाची, यावरून. गुरुजी म्हणत होते, तिच्या नवऱ्याला महिनाभर मी समजावलं, केस माझी. मी म्हणत होते, तिच्या तिन्ही बाळंतपणांच्या नोंदी माझ्या वहीत आहेत, केस माझी. शेवटी तलाठी भाऊसाहेब मध्ये पडले. आम्हाला वाटलं, समेट करतील. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मला एक कमी पडतेय, माझ्या नावावर लावता का?’’

ती बाई नसबंदीच्या ऑपरेशननंतर आत वर्गात सतरंजीवर पडली होती. भूल पुरती उतरली नव्हती. आठव्या दिवशी टाके काढायला आली तेव्हा म्हणाली, ‘‘बाई, तांबी बसवून भागलं नसतं का हो माझं?’’ भागलं असतं. पण तांबीचं टार्गेट वेगळं असायचं आणि ते माझं डिसेंबरातच भरलं होतं. कमी पडत होत्या त्या ऑपरेशनच्या केसेस. मी तिला म्हटलं, ‘‘आता झालं ना, सुटलीस.’’

१९८३ ते २०१८ अशी पस्तीस वर्षं मी आरोग्यसेविका होते. लोक ‘नर्सबाई’ म्हणायचे. वर दिल्लीत आकडा ठरायचा, तो मुंबई, पुणे, सातारा, वडूज असा उतरत माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यावर यायचा. गुरुजी-तलाठ्यांच्या वाट्यालाही केसेस यायच्या. शस्त्रक्रिया इतक्या, तांब्या इतक्या, माला-डी इतक्या, निरोध इतके. माझ्या पाच हजार लोकवस्तीत कुणाला काय हवं आहे, हे त्या तक्त्यात लिहायला रकानाच नव्हता. केसेस कमी पडल्या की मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत उभं करायचे, पगार अडकवायची धमकी मिळायची. मग आम्हीही शिकलो. निरोध वाटल्याचे आकडे कागदावर वाढवणं हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी उद्योग.

१ एप्रिल १९९६ पासून टार्गेट बंद, असं पत्र आलं. तारीख बघून आम्ही हसलो. साहेबांनाही खरं वाटेना. पण पत्र खरं होतं. सगळ्या देशात पद्धतवार टार्गेट रद्द झालं होतं, आणि आम्हाला सांगण्यात आलं होतं की आता घरोघर जाऊन बायकांना काय हवं ते विचारा आणि त्यावरून वर्षाचा आराखडा खालून वर पाठवा. तेरा वर्षं नोकरी झाल्यावर मला पहिल्यांदा सरकारनं विचारायला सांगितलं होतं.

हे असं कशामुळे झालं, ते मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. शिकवायला एका संस्थेच्या ताई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘कैरो’ लिहिलं. मला वाटलं आंब्याचं काहीतरी आहे.

५ ते १३ सप्टेंबर १९९४ या दिवसांत इजिप्तच्या राजधानीत, कैरोत, संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या आणि विकास परिषद झाली. १७९ देशांच्या सरकारांनी मान्य केलं की लोकसंख्या हा नुसता आकडा खाली आणायचा मामला नाही. मूल कधी, किती, की नकोच, हे ठरवणं हा माणसाचा हक्क आहे, आणि बाईचं शिक्षण, आरोग्य, सत्ता याच्याशिवाय त्याला अर्थ नाही. हे काही सरकारांना आपणहून सुचलं नव्हतं. जगभरच्या स्त्रीसंघटना आधीपासून त्याच्या मागे लागल्या होत्या. त्याच वर्षी जानेवारीत ब्राझीलमधल्या रिओत त्यांनी वेगळी बैठक घेऊन आपल्या मागण्या पक्क्या केल्या होत्या. आपल्या गीता सेन आणि त्यांच्या ‘डॉन’ या संघटनेचा त्यात मोठा वाटा होता. आपल्याकडे आणीबाणीतली नसबंदी लोक विसरले नव्हते, आणि १९८६ साली ‘नेट-एन’ या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. थोडक्यात, माझ्या भिंतीवरचा तक्ता उतरवला तो बाहेरून ओरडणाऱ्या बायकांनी. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

तक्ता पुरता उतरला मात्र नाही. थोड्याच काळात ‘अपेक्षित पातळी’ नावाचा रकाना आला. मार्च एंडला साहेब त्याच आवाजात बोलू लागले. आणि बोजा कुणावर? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष नसबंदीवर भिस्त असलेली जोडपी ०.३ टक्के. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते हे सांगून सांगून माझा घसा बसला. ‘‘बाई, शेतात कष्टाचं काम असतं आमचं,’’ हे पुरुषांचं उत्तर ठरलेलं. बायकोचं काम जणू ओसरीवर बसून असायचं!

विचारण्यावरून आठवलं, मी औंधची, जुन्या औंध संस्थानातली. आमच्या गावाला लोकांना विचारून कारभार करण्याचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. जानेवारी १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपण होऊन सत्ता रयतेकडे दिली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन आणि खुद्द गांधीजी यांच्या विचारातून ती राज्यघटना झाली. गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या. पण मताला साक्षरतेची अट होती. त्या काळात आमच्या आटपाडीकडच्या, खटावकडच्या वाड्यांवर लिहितावाचता येणाऱ्या बायका किती असतील, ते तुम्हीच ठरवा. बायकांसाठी छापलं जात होतं, नाही असं नाही. ‘स्त्री’ मासिक १९३० साली याच संस्थानातल्या किर्लोस्करवाडीतून निघू लागलं, त्याआधी १९२७ पासून मुंबईत र. धों. कर्वे संततिनियमनाचा प्रचार करणारं ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. शब्द होते, पण ज्या बाईसाठी होते तिच्या हातात अंक पडत नव्हता.

आमच्या जिल्ह्यानं नंतर प्रयोग बरेच केले. २००७ साली सातारा जिल्हा परिषदेनं ‘सेकंड हनिमून पॅकेज’ काढलं. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. नाव ऐकून म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. मला मात्र ती योजना आवडली होती, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाळणा थांबवण्याऐवजी लांबवण्याला पैसे मिळत होते, आणि नव्या सुनेशी बोलायला मला निमित्त मिळालं होतं.

दुसरा प्रयोग ‘नकुसां’चा. लसीकरणाच्या वहीत हे नाव मी माझ्या हातानं लिहिलंय. तिसरी-चौथी मुलगी झाली की नाव ठेवायचं नकुसा, म्हणजे नकोशी; मग पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. पोलिओचा डोस पाजताना मी ‘नकुसा’ अशी हाक मारायची आणि ते पोर हसत पुढं यायचं. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात ९१३ मुली होत्या. साताऱ्यात ८७८, सांगलीत ८५१. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात समारंभ करून २८५ नकुसांना नवी नावं दिली. काहींनी सिनेमातल्या नट्यांची नावं घेतली. घेऊ देत.

पण नाव बदलून सोनोग्राफीचं मशीन थांबत नाही. ते थांबवायला कायदा लागला, आणि कायदाही संघटनांनीच ओढून आणला. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेमुळे १९८८ साली महाराष्ट्रानं देशात पहिला कायदा केला, देशाचा १९९४ ला झाला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली ‘सेहत’ आणि पुरंदर तालुक्यात काम करणारी ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. २००३ पासून दुरुस्त कायदा लागू झाला. साताऱ्यात अॅड. वर्षा देशपांडे यांनी १९९० मध्ये दलित महिला विकास मंडळ काढलं होतं. त्यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’तल्या गरोदर बाया पेशंट बनून बेकायदा केंद्रांत गेल्या आणि त्यांनी डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिलं. पोटात मूल घेऊन असल्या ठिकाणी पाऊल टाकायला काय काळीज लागतं, ते बाळंतपणं केलेल्या बाईला विचारा. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार वर्षाताईंना मिळाला. त्याआधी तो मिळालेले भारतीय म्हणजे इंदिरा गांधी आणि जे. आर. डी. टाटा.

सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेची गोष्ट वेगळ्या वळणाची. शरीरविक्रय करणाऱ्या बायांबरोबर ती एड्सविरोधी काम करत होती. त्या बायांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ही उभी राहिली. अमेरिकन सरकारच्या मदतीला अट आली की वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे, असं लिहून द्या. २००५ साली संग्रामनं लिहून द्यायला नकार दिला आणि त्या पैशावर पाणी सोडलं. जगाचं धोरण चुकतंय, असं सांगलीतून तोंडावर सांगण्याची ती रीत.

मोठ्या कागदांतले शब्द कसे येतात-जातात, ते एकदा बघण्यासारखं आहे. कैरोतल्या भाषेला व्हॅटिकनचा आणि काही देशांचा विरोध होता. संयुक्त राष्ट्रांनी २००० नंतर सहस्रकाची आठ उद्दिष्टं मांडली, त्यात प्रजनन आरोग्य आलंच नाही. संघटना पाच वर्षं लावून धरत राहिल्या. २००५ च्या शिखर परिषदेत ते मान्य झालं आणि २००७ मध्ये माता आरोग्याच्या उद्दिष्टाखाली घातलं गेलं. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत, १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यांमध्ये, ते दोन ठिकाणी आहे: आरोग्याच्या तिसऱ्या आणि स्त्री-पुरुष समानतेच्या पाचव्या उद्दिष्टात. मुदत २०३०. माता मृत्यू लाख जन्मांमागे ७० च्या खाली आणायचे, हे त्यातलंच एक लक्ष्य. महाराष्ट्रात २०१८–२० या काळात हा आकडा ३३ होता, म्हणजे हे लक्ष्य आपण गाठलंय. बाईला विचारण्याचं लक्ष्य मोजायला अवघड असतं, म्हणून ते मागे पडतं.

ही १७ उद्दिष्टं आता ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नऊ विषय होऊन आली आहेत. ‘आरोग्यदायी गाव’ आणि ‘महिला-स्नेही गाव’ हे त्यातले दोन. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडे बरेचदा वही घरोघर फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली म्हणतात. पूर्वी मी निरोधाचे आकडे भरायचे, तसंच ते.

तेव्हा बायांनो, वही दारात आली तर सही करू नका. सभा कुठं आणि किती वाजता आहे ते विचारा आणि जा. गावच्या आरोग्य समितीला वर्षाला मिळणारे पैसे कशावर खर्च झाले ते विचारा, उपकेंद्रात तांबी बसवणारी नर्स कुठल्या वारी असते ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.