सातचा भोंगा आणि पत्त्यांचा कॅट

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही बंद आणि मोबाइल बाजूला, ते थेट साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत. ही बातमी देशभर गाजली आणि बहुतेकांनी तिचा अर्थ लावला: ‘पोरं बिघडलीत, म्हणून त्यांच्यासाठी मोबाइलबंदी.’

हा अर्थ अर्धाच खरा. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही काळजी होतीच. पण गावाने आधी सभा घेतली ती बायकांची, आणि मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर समजवायला फिरले. मुलांना दटावायला एवढी फौज लागत नाही. मालिकेत रमलेली आई आणि फोनवर रील सरकवत बसलेले बाबा जागचे हलले नाहीत, तर पोरगं तरी कशाला हलेल?

दुसरा गैरसमज खिशाशी जोडलेला. कुटुंबाने एकत्र वेळ घालवायचा म्हणजे रविवार हवा, गाडी हवी, रिसॉर्ट हवं, असं आता वाटू लागलंय. पत्त्यांच्या कॅटला यातलं काहीच लागत नाही. तिघंच घरात असले तर पाच-तीन-दोन आहेच. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पानं, वर इस्पिक आणि बदामाची सत्ती, अशी तीस, प्रत्येकाला दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने पाच, उरलेल्याने तीन. खरी गंमत पुढच्या डावाला. ज्याचे हात कमी पडले त्याच्या हातातलं पान, जास्त हात करणारा न बघता ओढतो आणि बदल्यात स्वतःचं नकोसं पान त्याला चिकटवतो. आठ वर्षांची मुलगी बाबांच्या हातातून नेमका हुकमाचा एक्का ओढते, तेव्हाचा तिचा चेहरा बघावा. आणि बाबांचाही.

‘पण आम्ही लुडो खेळतोच की, मोबाइलवर सगळे मिळून!’ हे लॉकडाउनपासून बरंच ऐकू येतं. करमणूक म्हणून त्यात वावगं काही नाही, पण दोन्ही लुडो एक नव्हेत. मोबाइलवर सोंगटी आपली आपण सरकते. पटावर ती बोटाने एकेक घर पुढे न्यावी लागते, मोजत मोजत. या मोजण्याचं मोल अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं. गरीब घरांतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी एक ते दहा आकड्यांचा साधा पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकी, म्हणजे सगळा मिळून एक तास. प्रत्येक घराचा आकडा मोठ्याने म्हणत सोंगटी पुढे न्यायची, एवढंच. या मुलांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारली. तसाच पट आकड्यांऐवजी रंगांचा घेऊन खेळलेल्यांची सुधारली नाही. शिवाय पटावर फासा तिरका पडला, तो धरायचा की नाही, यावरून जे भांडण होतं ते मिटवायला ॲप येत नाही. ते आजोबांनाच मिटवावं लागतं, आणि बहुतेकदा ते धाकट्याच्या बाजूने पक्षपात करतात.

मात्र बैठ्या खेळांचा फार गवगवाही नको. फोन ठेवून दिवाणखान्यात कॅरम मांडला की डोळ्यांची काळजी मिटली, असं अनेक आईबाप धरून चालतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत झालेला प्रयोग वेगळं सांगतो. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा घराबाहेर, उजेडात ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा कॅरम रात्री; उजेड आहे तोवर लगोरी नाहीतर विटीदांडू, आणि अंगण नसेल तर सोसायटीच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंतची पायपीटही चालेल.

आणि सगळेच पडदे एका मापाने मोजायचे कारण नाही. दीड वर्षाच्या आतल्या मुलांना स्क्रीन दाखवू नका, असं २०१६ साली सांगताना अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने व्हिडिओ कॉलचा अपवाद मुद्दाम ठेवला. पलीकडे माणूस असतं, ते उत्तर देतं, हसतं, रागावतं. नागपूरची आजी आणि न्यू जर्सीतला नातू यांना पत्ते पिसता येणार नाहीत, पण नाव-गाव-फळ-फूल खेळायला दोन कागद आणि दोन पेन्सिली पुरतात. ‘ठ’ निघाला की गावाच्या रकान्यात दोघांचंही ठाणेच येतं, म्हणून पाच-पाच गुण. फळाला दोन्हीकडे शून्य.