जुना एअर-कूल्ड ट्रॅक्टर घेताय? इंजिन खोलायच्या आधी आणि बांधताना काय पाहायचं, समजून घ्या

नागपूर : रब्बीचा माल घरी आला की जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री जोरात सुरू होते. खरिपाची पेरणी जूनमध्ये, म्हणजे हातात उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक, कुठल्याही तालुक्यात गेलं तरी २५ एचपीचा एक सिलिंडरचा एअर-कूल्ड ट्रॅक्टर दिसतोच. किंमत कमी, डिझेल कमी, रेडिएटरची भानगड नाही. म्हणून लहान शेतकरी तो आवडीने घेतो. पण घेतल्यावर कळतं की इंजिन ऑइल खातंय, धूर मारतंय आणि चढावर दम टाकतंय. मग मिस्त्री म्हणतो, "इंजिनचं काम काढावं लागेल." इथे नीट लक्ष दिलं नाही तर हजारो रुपये घालूनही इंजिन दुसऱ्याच हंगामात परत उघडावं लागतं.

हे इंजिन वेगळं कसं?

आपल्याकडे एअर-कूल्ड ट्रॅक्टर म्हटलं की आयशरचं नाव येतं. आयशर ही मूळ जर्मनीतल्या दोन भावांची कंपनी. त्यांनी १९३६ मध्ये पहिला ट्रॅक्टर बनवला आणि १९४८ पासून हवेवर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाचे ट्रॅक्टर काढले. भारतात १९५९ मध्ये फरिदाबादहून आयशर ट्रॅक्टर निघू लागले. २००५ मध्ये हा ट्रॅक्टरचा धंदा चेन्नईच्या टॅफे कंपनीने घेतला. आयशर २४२ सारख्या मॉडेलात १५५७ सीसीचा एकच मोठा सिलिंडर असतो.

हवेवर थंड होणारं इंजिन फक्त ट्रॅक्टरलाच असतं असं नाही. जगभर दोन कोटींहून जास्त बनलेल्या फोक्सवॅगन बीटल कारचं इंजिन असंच होतं. आपल्या बजाज चेतक स्कूटरच्या इंजिनावर जो पत्रा असायचा, त्याचं कामही तेच. आतला पंखा हवा ढकलतो आणि पत्रा ती हवा सिलिंडरच्या पट्ट्यांमधून न्यायला लावतो. पत्रा काढला तर हवा चारी बाजूंनी पसरते आणि सिलिंडर तापतो.

४५ डिग्रीत हे इंजिन टिकतं का?

विदर्भातल्या मे महिन्यात हा प्रश्न सगळेच विचारतात. हिशोब सोपा आहे. पाण्याच्या इंजिनात रेडिएटरचं पाणी साधारण ९० डिग्रीला असतं. बाहेर ३० असेल तर फरक ६० चा, बाहेर ४५ झालं तर ४५ चा. म्हणजे थंड करण्याची ताकद पाव हिश्शाने घटली. हवेच्या इंजिनात सिलिंडरच्या पट्ट्या बऱ्याच जास्त गरम असतात. त्या १८० डिग्रीला आहेत असं धरलं, तर फरक १५० वरून १३५ वर येतो. घट फक्त दहावा हिस्सा.

म्हणजे नुसत्या उन्हाने हे इंजिन बसत नाही. ते बसतं पट्ट्यांमध्ये अडकलेल्या कचऱ्याने. मळणीचं कुटार, शेतातली धूळ आणि वरून गळणारं ऑइल यांचा थर जमला की तो गोधडीसारखा सिलिंडरला गुंडाळून बसतो. हवा आत जातच नाही. ज्या बाजूला थर जास्त, ती बाजू जास्त तापते. सिलिंडर वेडावाकडा होतो, पिस्टन घासतो, रिंगा अडकतात.

खोलायच्या आधी काय तपासायचं?

ट्रॅक्टर पाहायला जाताना मालकाला आधीच सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करून घ्या. गरम इंजिन बऱ्याच खोडी लपवतं.

– निळा धूर : ऑइल जळतंय. रिंगा, सिलिंडर किंवा वॉल्व्ह गाइड झिजले.
– काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर, नोझल, पंप पाहा.
– पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर येतंय. कॉम्प्रेशन कमी, नोझल खराब किंवा टायमिंग चुकलेलं. या इंजिनात पाणी नसतं, त्यामुळे "पाण्याची वाफ आहे" हे कारण चालत नाही.
– ब्रीदरच्या नळीतून भकाभक हवा आणि ऑइल येत असेल, तर सिलिंडरमधला दाब रिंगांना ओलांडून खाली जातोय.
– पट्ट्या तुटलेल्या आहेत का, पंख्याची पाती शाबूत आहेत का, वरचे पत्रे जागेवर आहेत का, हे पाहा.

काळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन खोलू नका. एअर क्लीनर आणि नोझल तपासल्यावर काम भागलं, तर मोठा खर्च वाचतो.

खरा चोर : धूळ

झिजलेल्या सिलिंडरमागे बहुतेक वेळा धूळ असते. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये ऑइलची वाटी असते. त्यात ऑइल नसेल, चिखल झाला असेल, किंवा क्लीनरपासून हेडपर्यंतचा रबरी पाइप फाटला असेल, तर शेतातली माती थेट सिलिंडरमध्ये जाते. डिझेल-ऑइलमध्ये मिसळलेली माती म्हणजे पॉलिश पेपरच. नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या आणि फाटका पाइप तसाच ठेवला, तर केलेलं सगळं काम मातीत जातं. म्हणून इंजिन खोलताना पहिला प्रश्न हा : झिजलं कशामुळे?

खोलताना

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हेडला पाना लावू नये. गरम हेड सोडलं तर ते वाकू शकतं. नट एकदम न सोडता आडवे-तिडवे, थोडे थोडे सोडायचे. खोलण्याआधी बाहेरून डिझेल आणि ब्रशने इंजिन साफ करून घ्या, म्हणजे कचरा आत पडणार नाही.

स्मार्टफोनचा इथे चांगला उपयोग होतो. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. पुशरॉड, वॉल्व्ह, टॅपेट ज्या जागेचे त्याच जागेला परत जायला हवेत, म्हणून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून नाव लिहा. सिलिंडरच्या खाली पातळ शिम असतील तर त्या किती आणि कोणत्या जाडीच्या होत्या हे नक्की लिहून ठेवा. त्यांचं काम पुढे येईल.

मोजल्याशिवाय निर्णय नाही

मिस्त्री बोट फिरवून "बोअर चांगला आहे" म्हणत असेल तर थांबा. सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजायचा. झीज बहुतेक वर जास्त असते, जिथे वरची रिंग परत फिरते. क्रँकची पिन मायक्रोमीटरने मोजायची. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने पाहायची. हेडला चीर आहे का, वॉल्व्ह गाइडमध्ये हलतो का, गजनपिनचा बुश ढिला आहे का, हेही पाहायचं. आलेले आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडायचे.

त्यावरून ठरतं :

– हाफ काम : सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि हेडचं काम. क्रँक मापात असेल तरच.
– फुल काम : वरील सगळं, शिवाय क्रँक ग्राइंडिंग आणि नवे बेअरिंग. ०.२५ मिमी कमी केलेल्या क्रँकला मिस्त्री "दहा हजारी" म्हणतात. बेअरिंगही त्याच मापाचे लागतात.

"फक्त रिंगा टाकून देतो" हा सर्वांत स्वस्त सल्ला. सिलिंडर वर जास्त आणि खाली कमी झिजलेला असेल, तर गोल नवी रिंग त्यात नीट टेकत नाही. काही दिवस धूर कमी होतो आणि मग परत सुरू. दुसरी फसगत उलटी असते. क्रँक चांगला असताना फुल कामाचं बिल. दोन्हींवर उपाय एकच : मापं कागदावर लिहून घ्या.

बांधताना

सिलिंडरला होनिंग केलं असेल तर आतली बारीक कीस नुसत्या डिझेलने निघत नाही. साबण आणि गरम पाण्याने धुऊन, लगेच पुसून ऑइल लावायचं. पांढरं फडकं फिरवल्यावर ते काळं होणार नाही तोवर धुवायचं. रिंगांवरची "टॉप" खूण वर, आणि रिंगांची तोंडं एका रेषेत न येता वेगवेगळ्या दिशांना ठेवायची. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे टाकलेले बरे.

आता त्या शिमांचं काम. पिस्टन वर आल्यावर हेड आणि पिस्टनमध्ये ठरलेली बारीक जागा राहावी लागते. कमी राहिली तर पिस्टन हेडवर आपटतो, जास्त राहिली तर कॉम्प्रेशन पडतं आणि थंडीत इंजिन सुरू होत नाही. ही जागा मोजायला पिस्टनवर मऊ शिशाच्या तारेचे तुकडे ठेवतात, हेड पूर्ण आवळतात, इंजिन हाताने एक फेरा फिरवतात आणि हेड काढून चपटी झालेली तार मोजतात. गरजेप्रमाणे शिम कमी-जास्त करतात. हे काम टाळून "अंदाजे" शिम टाकणारा मिस्त्री असेल, तर विचार करा.

हेड आवळताना टॉर्क पाना हवाच. टप्प्याटप्प्याने, आडवे-तिडवे. टॅपेटची फट थंड इंजिनात की गरम, आणि किती, हे मॅन्युअलप्रमाणेच. शेवटी पंखा, पत्रे, त्यांचे सगळे बोल्ट जागेवर. "पत्रा राहू द्या, खडखड करतो" असं म्हणून बाहेर टाकलेला पत्रा हेच पुढे इंजिन बसण्याचं कारण ठरतं.

पहिले ५० तास

सुरू करण्याआधी ऑइल भरून इंजिन काही वेळ डिझेल बंद ठेवून फिरवायचं, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं. डिझेल लाइनमधली हवा काढायची. सुरू झाल्यावर ऑइलचा दाब लगेच आला नाही तर बंद करायचं.

पहिले ५० तास हलकं काम : रिकामी ट्रॉली, हलकं वखर. लगेच नांगरणी किंवा रोटाव्हेटर नको. पण तासभर नुसतं आयडलवर उभं ठेवणंही चूक, त्याने रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत. पहिलं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेव्हा लवकर बदलायचं, कारण सुरुवातीची सगळी कीस त्यातच येते. मळणीच्या दिवसांत पट्ट्या रोज साफ करायच्या.

कागद विसरू नका

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहा. नंबर खरवडलेला असेल तर व्यवहार करू नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ट्रॅक्टरवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ विक्रेत्याकडून आधी घ्या. नागपूर ग्रामीणचे ट्रॅक्टर एमएच-४० पासिंगचे असतात.

मिस्त्रीकडे देताना हे पाच मागा

१. कामाचा लेखी अंदाज, पार्टच्या नावांसह.
२. सिलिंडर आणि क्रँकची मापं, आधीची आणि नंतरची.
३. पार्टची पक्की बिलं.
४. काढलेले जुने पार्ट परत.
५. किती दिवस किंवा तासांची हमी, तीही लिहून.

चांगला मिस्त्री यातलं काहीही द्यायला कुरकुर करत नाही. आणि काम एप्रिलमध्येच काढा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर गॅरेजमध्ये रांग असते, मिस्त्री घाईत असतो आणि शेतकरीही. तेव्हा मोजमाप कोणी करत नाही.