शर्यत पाहायला जायचे? आधी खातेवही उघडा

कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत कोठेही जा, गाड्यांच्या दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील मुले मोठ्या संख्येने दिसतात. इंजिनाचे काम, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग, टायर, सुटे भाग यांवर हजारो घरांची चूल पेटते. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणाऱ्या या मुलांना फॉर्म्युला वनची शर्यत एकदा तरी डोळ्यांनी पाहावी असे वाटले, तर त्यात नवल नाही.

आमच्या परिचयाचे एक गॅरेजवाले असाच बेत घेऊन आमच्याकडे आले होते. अबुधाबीच्या शर्यतीचे तिकीट त्यांनी मोबाइलवर निवडून ठेवले होते, फक्त पैसे भरायचे बाकी होते. आम्ही विचारले, ‘पैसे कोणत्या खात्यातून देणार?’ ते म्हणाले, ‘गल्ल्यातून. दुकान आपलेच आहे.’ पण गॅरेज दोघा भावांचे होते. सुट्या भागांच्या व्यापाऱ्याची दोन महिन्यांची उधारी द्यायची होती. अशा स्थितीत गल्ल्यातले पैसे त्यांचे एकट्याचे कसे? या एका प्रश्नावर त्या दिवशी तिकीट घ्यायचे राहिले आणि आमची चर्चा तासभर चालली. ती इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

जायचे कोठे?

भारतात ही शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. उत्तर प्रदेश शासनाने तिला खेळ न मानता करमणूक मानले, कराचे वाद वाढले आणि २०१३ नंतर शर्यत येथे झाली नाही. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फॉर्म्युला वनच्या परदेशी कंपनीला भारतातील उत्पन्नावर कर द्यावा लागेल, असा निकाल दिला. कोट्यवधींचा ट्रॅक उभा राहिला, पण कराचा हिशेब आधी मिटवलेला नव्हता. मोठ्या भांडवलदारांनाही लागू पडणारा हा धडा लहान दुकानदाराने विसरू नये.

तेव्हा आपल्या माणसाला जवळचे ठिकाण म्हणजे आखाती देश. बहारीनने २००४ मध्ये सुरुवात केली. अबुधाबीच्या यास बेटावरील ट्रॅकवर पहिली शर्यत १ नोव्हेंबर २००९ रोजी झाली. २०१४ ते २०२५ या काळात दरवर्षी हंगामाची शेवटची शर्यत येथेच होत आली. २०२१ मध्ये अगदी शेवटच्या फेरीत वर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकून विजेतेपद घेतले, ते याच ट्रॅकवर. आता एक फेरी ५.२८१ किलोमीटरची असून अशा ५८ फेऱ्या असतात. मुंबईहून विमानाने तीन-साडेतीन तास लागतात आणि यास बेट विमानतळापासून अगदी जवळ आहे. शुक्रवारी सराव, शनिवारी क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या आणि रविवारी शर्यत, असा हा तीन दिवसांचा कार्यक्रम असतो.

तिकीट म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

पहिली चूक येथेच होते. माणूस तिकिटाचा आकडा पाहतो आणि ‘एवढे तर जमेल’ म्हणतो. कागदावर किमान सात रकाने आखावेत: शर्यतीचे तिकीट, विमान, व्हिसा, राहणे, तेथील प्रवास, जेवणखाण आणि सातवा रकाना गॅरेज बंद राहिल्याने बुडणाऱ्या कमाईचा. हा सातवा रकाना बहुतेक जण विसरतात. कारागिरांचा पगार आणि जागेचे भाडे मालक परदेशात आहे म्हणून थांबत नाही.

दिरहमचा भाव १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजे डॉलरच्या रुपयातील भावाला ३.६७ ने भागले की दिरहमचा भाव निघतो. दलाल त्याहून किती जास्त मागतो, ते लगेच कळते. भारतातील कार्डाने परकीय चलनात पैसे दिल्यास बँका बहुधा दोन ते साडेतीन टक्के वेगळे आकारतात, तेही धरावेत. एजंटाकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले तर तो आयकर खात्यासाठी काही रक्कम आधीच गोळा करतो. ती विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. त्यासाठी पावती जपावी आणि पॅन क्रमांक बरोबर द्यावा.

शर्यतीच्या आठवड्यात यास बेटावरील हॉटेलांचे दर चढतात. अबुधाबी शहरात किंवा दुबईत राहिल्यास राहणे स्वस्त पडू शकते, पण येण्याजाण्याचा वेळ व भाडे वाढते. दुबईहून मोटारीने सुमारे तासभर धरावा, गर्दीच्या दिवशी अधिक. पैसे भरण्यापूर्वी परताव्याची अट वाचावी. २०११ मध्ये बहारीनची शर्यत तेथील अशांततेमुळे रद्द झाली होती. शर्यत रद्द झाली म्हणून विमानाचे पैसे आपोआप परत मिळतील असे समजू नये.

कोकणातील बहुतेक घरांतले कोणी ना कोणी आखातात असते. त्यांच्याकडे उतरल्यास खर्च वाचतो. पण तेथे अनेक मुले एका खोलीत चार-सहा जण राहतात. आपल्यासाठी कोणाला तरी जमिनीवर झोपावे लागेल, याचा विचार करून आधी विचारावे. मेहमानी तीन दिवसांची, ही आपल्या दीनची शिकवण आहे. शर्यतही तीनच दिवसांची असते, तेव्हा मुक्काम त्याहून लांबवू नये.

पैसा कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भागीदारीच्या धंद्यातला पैसा अमानत असतो. भावाची संमती न घेता त्यातून सहलीचा खर्च करणे योग्य नाही, मग रक्कम कितीही लहान असो. नफ्याची वाटणी झाल्यावर आपल्या हिश्श्याला जे येईल, ते आपले. ज्याच्या डोक्यावर मुदत उलटलेली उधारी आहे, त्याने आधी ती फेडावी. व्यापाऱ्याचे पैसे थकवून आपण शर्यतीला गेलो, ही बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही आणि गेलेली पत लवकर परत येत नाही.

क्रेडिट कार्डाचे पैसे मुदतीत पूर्ण भरले नाहीत तर महिन्याला साधारण तीन ते पावणेचार टक्के व्याज लागते. एक लाख रुपये थकले आणि दर साडेतीन टक्के असला, तर केवळ पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये. व्याज हराम आहे हे आपण जाणतोच, पण निव्वळ व्यापारी नजरेनेही हा सौदा तोट्याचाच आहे. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांवरही विसंबू नये. कार्डावरील शून्य टक्के योजनांमध्ये व्याजच प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल केले जाते, असे सांगून सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना त्याबाबत बजावले होते.

मग मार्ग कोणता? आपल्याकडची जुनी भिशी. विश्वासाच्या बारा जणांनी दरमहा सारखी रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची आणि ज्याचे नाव निघेल त्याने पूर्ण रक्कम घ्यायची. कोणी जास्त देत नाही, कोणी कमी घेत नाही. लिलावाची भिशी मात्र टाळावी. तीत गरजू माणूस कमी रक्कम घेऊन पूर्ण भरतो आणि व्याज मागच्या दाराने आत येते. घरात वेगळा डबा ठेवून बचत केली तरी चालेल. बचत निसाबाइतकी असून वर्ष पूर्ण झाले तर तिच्यावर अडीच टक्के जकात द्यावी लागते. ‘हे शर्यतीसाठी बाजूला ठेवले आहेत’ म्हणून सूट मिळत नाही.

शर्यत, सट्टा आणि मगरिब

शर्यत ही गोष्ट आपल्याला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या घोड्यांसाठी हफयापासून सनियतुल विदापर्यंतचे अंतर ठरवले होते, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. पण मित्रामित्रांत ‘कोण जिंकणार’ यावर पैसे लावणे किंवा मोबाइलवरील सट्टा हा सरळ जुगार आहे. यास बेटावर काही ठिकाणी मद्य मिळते. रात्री गाण्यांचे जलसे असतात आणि त्यांचा प्रवेश बहुधा तिकिटातच धरलेला असतो. पैसे भरले म्हणून तेथे गेलेच पाहिजे असे नाही. बहारीनमध्ये २००४ पासून विजेत्यांच्या हाती शॅम्पेनऐवजी गुलाबपाण्याचे पेय देण्यात आले, तरी जगभरचे चालक तेथे आलेच. यजमान ठाम राहिला तर पाहुणे त्याची रीत पाळतात.

नमाजचा विचार तिकीट घेतानाच करावा. २०२५ मध्ये अबुधाबीची शर्यत संध्याकाळी ५ वाजता सुरू झाली. डिसेंबरच्या आरंभी तेथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे शर्यत ऐन रंगात असताना मगरिब होते. शर्यत साधारण दीड तास चालते, पण अपघातामुळे थांबली तर मगरिबची वेळ निघून जाऊ शकते. म्हणून बैठक रांगेच्या टोकाची घ्यावी, नमाजची जागा शुक्रवारीच पाहून ठेवावी आणि वुजू करूनच बसावे. प्रवासातील सवलतीबाबत आपल्या आलिमांना विचारून निघावे. पाच मिनिटांत दोन-तीन फेऱ्या चुकतील, एवढेच.

धंद्यासाठी काय आणाल?

गॅरेजवाल्याने गेलेच तर एक दिवस आधी, गुरुवारी पोचावे. अबुधाबीजवळचा मुसफ्फा हा गॅरेज आणि सुट्या भागांचा मोठा औद्योगिक भाग आहे. शारजाही जुन्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. भाव विचारावेत, कामाची पद्धत पाहावी, ओळखी कराव्यात. मात्र विकायचा माल बॅगेत कोंबून आणू नये. व्यापारी आयातीसाठी आयात-निर्यात क्रमांक लागतो आणि जुन्या मालाचे नियम वेगळे आहेत.

ट्रॅकवर सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे पिट. सुमारे वीस माणसे गाडीची चारही चाके दोन-तीन सेकंदांत बदलतात. २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनच्या चमूने हे काम १.८० सेकंदांत केले. तेथे कोणी पाना शोधत नाही, कोणी दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येक हत्याराचीही. आपल्या गॅरेजमध्ये दहा नंबरचा पाना शोधण्यात दिवसाकाठी किती वेळ जातो, याचा हिशेब कोणी केला आहे काय?

आमचे गॅरेजवाले मित्र त्या वर्षी गेले नाहीत. त्यांनी व्यापाऱ्याची उधारी फेडली, भिशी लावली, भावाशी बोलले. पुढच्या वर्षी ते गेले आणि भावाने गॅरेज चालू ठेवले. परत आल्यावर त्यांनी भिंतीवर एक मोठा फळा ठोकला. त्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगाने काढला आहे, जागा रिकामी दिसली की पाना कोणाच्या हातात आहे ते विचारले जाते. फळा आणि रंगाचा खर्च गॅरेजच्या खात्यात लिहिला आहे. शर्यतीचा खर्च मात्र त्यांच्या खासगी वहीत आहे आणि त्यापुढे लिहिले आहे: ‘माझ्या हिश्श्याच्या नफ्यातून.’

यंदा जाण्याची पाळी भावाची आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांना जायचे असेल, त्यांनीही आधी हीच एक ओळ आपल्याला लिहिता येते का ते पाहावे. येत असेल तर खुशाल जावे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.