झेल्डाच्या राज्याची वंशावळ कोण लिहिणार?

ज्या घरात ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ हा व्हिडिओ गेम खेळणारं मूल आहे, तिथल्या मोठ्यांच्या कानावर अधूनमधून चमत्कारिक वाक्यं पडत असतात. ‘हा लिंक तो लिंक नव्हेच!’ ‘बुडालेलं राज्य परत वर कसं आलं?’ ‘तिसरी फांदी मला मान्य नाही.’ आपली समजूत अशी की गेम म्हणजे बटणं दाबायची आणि राक्षस मारायचे. पण कुठला राक्षस कुठल्या काळी मेला, याचा हिशेब लावण्यातच काही जणांचा निम्मा जीव अडकलेला असतो. जगभरचे चाहते हा हिशेब गेली पंचवीसेक वर्षं लावत आहेत आणि तो अजून पुरता जुळलेला नाही.

मूळ गोष्ट साधी आहे. हायरूल नावाचं राज्य, झेल्डा नावाची राजकन्या, हिरव्या अंगरख्यातला लिंक नावाचा वीर आणि गॅनॉन हा दुष्ट. जपानच्या निन्टेंडो कंपनीसाठी शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिला गेम १९८६ साली काढला. राजकन्येचं नाव त्यांनी अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या पत्नीच्या नावावरून घेतलं. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि त्यात एक मजेशीर खुलासा होता. फार पूर्वी झेल्डा नावाची एक राजकन्या शापाने झोपी गेली; तिची आठवण राहावी म्हणून राजघराण्यातल्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डाच ठेवावं, असा हुकूम निघाला. नातीला आजीचं नाव ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे काही नवल नाही. पण कालक्रम लावणाऱ्याची मात्र पंचाईत झाली. कुठली झेल्डा कुणाची पणजी?

एक गाठ, दोन शेवट

खरी गाठ पडली १९९८ साली, ‘ऑकरिना ऑफ टाईम’ या भागात. त्यात लहानगा लिंक एक पवित्र तलवार उपसतो आणि सात वर्षं झोपी जातो. जागा होतो तेव्हा तो तरुण असतो आणि राज्य दुष्टाच्या हातात गेलेलं असतं. तो लढतो, जिंकतो आणि झेल्डा त्याला पुन्हा बालपणात पाठवून देते. आता प्रश्न असा, की वीर मागे निघून गेला तर पुढच्या काळातल्या त्या जगाचं काय झालं? ते पुसलं गेलं, की वीराविना तसंच पुढे चालू राहिलं?

इथेच चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, काळाची रेघ एकच. दुसरा म्हणे, इथे रेघेला दोन फाटे फुटले. २००२ च्या अखेरीस ‘विंड वेकर’ आला. त्यात सारं हायरूल समुद्राखाली गेलेलं. कारण काय, तर गॅनॉन परतला तेव्हा वीर आलाच नाही. त्याच सुमारास मालिकेचे सूत्रधार एजी आओनुमा यांनी मुलाखतीत सांगून टाकलं, की ‘ऑकरिना’ला एका परीने दोन शेवट आहेत आणि ‘विंड वेकर’ हा तरुण लिंकच्या शेवटानंतर शंभर वर्षांनी घडतो. दोन फाट्यांचा पक्ष जिंकला.

तरी १९९१ सालचा ‘अ लिंक टू द पास्ट’ कुठेच बसेना. त्यातल्या पूर्वकथेत ‘ट्रायफोर्स’ नावाचा तीन सोनेरी त्रिकोणांचा दैवी ठेवा सगळाच्या सगळा गॅनॉनच्या हाती लागतो. ‘ऑकरिना’त तर त्याचे तीन तुकडे होऊन तिघांकडे जातात. डिसेंबर २०११ मध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हा ग्रंथ जपानमध्ये निघाला आणि त्यात कंपनीने आपला कालक्रम छापला. फाटे दोन नव्हते, तीन होते! तिसऱ्या फाट्यात वीर हरतो, उरलेले तुकडेही गॅनॉन हिसकावतो आणि १९९१ ची पूर्वकथा तिथून सुरू होते. हिशेब जुळला खरा. पण ज्या शेवटासाठी खेळणाऱ्याने रात्री जागवल्या, त्याच्याशी या पराभवाचा काय संबंध, म्हणून पुष्कळ जण अजूनही रुसलेले आहेत.

पुरावा कसा शोधतात?

या तर्कांना हवेतल्या गप्पा म्हणता येत नाही. २००६ सालच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये एक सांगाड्याच्या रूपातला योद्धा लिंकला तलवारीचे डाव शिकवतो. तो कोण, हे गेम सांगत नाही. चाहत्यांनी धागे जोडले: त्याला बोलावण्यासाठी जे सूर आळवावे लागतात, त्यांतले काही जुन्या भागांमधले आहेत, आणि आपली विद्या पुढच्यांना देता आली नाही, ही खंत तो बोलून दाखवतो. म्हणजे हा ‘ऑकरिना’चाच लिंक असणार! पाच वर्षांनी ‘हायरूल हिस्टोरिया’ने हाच निकाल दिला.

पण पुरावा फसवतोही. याच ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’च्या दोन आवृत्त्या आहेत. गेमक्यूब यंत्रावरच्या आवृत्तीत लिंक डावखुरा आहे. वी यंत्राचा हातातला दांडा बहुतेक लोक उजव्या हाताने फिरवणार, म्हणून त्या आवृत्तीत सारं जगच आरशासारखं उलटवलं. लिंक उजवा झाला आणि पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झाली. हे ठाऊक नसेल तर नकाशावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा पडतो.

भाषांतराचा घोळ तर आपल्याकडच्या वाचकांना लगेच कळेल. घरात कन्नड आणि बाहेर मराठी, किंवा उलट, अशा माणसाला एका भाषेतली कोटी दुसरीत कशी मरते हे कुणी शिकवायला नको. दुसऱ्या भागात एक गृहस्थ भेटतो आणि म्हणतो, ‘माझं नाव एरर’. वर्षानुवर्षं लोक हसले, की ही छपाईची चूक राहिली. चूक नव्हतीच. मूळ जपानीत दोन मित्र आहेत, एक ‘एरर’ आणि दुसरा ‘बग’. संगणकवाल्यांचा साधा विनोद. इंग्रजीत एरर तसाच राहिला, पण ‘बग’चा जपानी उच्चार ‘बागू’ तसाच्या तसा उतरवला. जोडी फुटली आणि विनोदाची चूक झाली.

छापील तेच खरं?

मग कंपनीने एकदा छापलं म्हणजे वाद मिटावा ना? तसं झालं नाही, कारण कंपनीचं म्हणणंही बदलतं. ‘हायरूल हिस्टोरिया’त १९९३ चा ‘लिंक्स अवेकनिंग’ हा भाग २००१ च्या ‘ऑरॅकल’ जोडीनंतर घातला होता. जोडीच्या शेवटी लिंक नावेतून निघतो, ‘अवेकनिंग’च्या आरंभी त्याची नाव वादळात सापडते; धागा बरा जुळत होता. २०१८ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये दिलेल्या कालक्रमात हा क्रम उलटा झाला. खुद्द मियामोतो यांनी ‘ऑकरिना’च्या काळात सांगितलेला क्रमही पुढे टिकला नाही.

२०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने तर कहर केला. त्यात खडेमीठ सापडतं आणि ते प्राचीन समुद्रातलं आहे असं लिहिलेलं असतं. म्हणजे बुडालेल्या राज्याचा फाटा. पण दुसऱ्या फाट्यांची आठवण देणाऱ्या जागा आणि नावंही तिथेच भेटतात. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये हायरूलचा पहिला राजा म्हणून राउरू समोर येतो. मग हे राज्य मुळात स्थापन झालं तेव्हाचं, की जुनं लयाला गेल्यावर त्याच नावाने पुन्हा उभारलेलं? यावर आजही जोरात वाद चालतो.

या विसंगतीचं कारण कारखान्यात आहे. आधी खेळ रचायचा, गोष्ट त्याच्या मागून यायची, ही मियामोतो यांची जुनी रीत. वंशावळ आधी मांडून कुणी हे भाग बनवले नाहीत. आपल्याला हे अनोळखी नाही. आज्जीच्या मराठी महाभारतात द्रौपदी पाच पांडवांची, तर पंपाच्या दहाव्या शतकातल्या कन्नड ‘विक्रमार्जुन विजय’मध्ये ती एकट्या अर्जुनाची. पंपाने आपल्या आश्रयदात्याला, अरिकेसरीला, अर्जुनाच्या रूपात पाहिलं, म्हणून कथा तशी वळली. दोन्ही कथा एकाच घरात नांदतात. यातली खोटी कुठली, हे विचारण्यापेक्षा कुणी, कधी, कुणासाठी सांगितली हे विचारलं की जास्त कळतं.

म्हणून तर्क लढवणाऱ्या मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणून उठवण्याआधी दोन प्रश्न विचारून पाहावेत. हे गेममध्ये कुठे दिसलं? आणि याच्या विरुद्ध जाणारं काय सापडलं? दुसऱ्या प्रश्नाला जो प्रामाणिक उत्तर देतो, त्याला उद्या इतिहासाचं पुस्तक किंवा वर्तमानपत्रातली बातमीही नीट वाचता येईल. नुसतं ‘कंपनीने सांगितलं’ किंवा ‘सगळे म्हणतात’ एवढ्यावर जो थांबतो, त्याला जरा डिवचावं.

खेळण्याच्या वेळेवर घरात मर्यादा हवी, ती ठेवावीच. पण मूल ‘का?’ म्हणो की ‘याके?’, त्या प्रश्नाला वेळेची मर्यादा नसावी.