नऊ मायक्रॉनचा सांधा

संपादकांना हवा होता गावोगावच्या इंटरनेटवरचा लेख: योजना, टप्पे, टक्केवारी. मी मात्र रात्री अकरा वाजता नगर रस्त्याला शिरूरच्या पुढे एका खड्ड्याच्या कडेला बसलो होतो आणि समोर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र एका पोराला तिसऱ्यांदा 'नाही' म्हणत होतं.

रस्तारुंदीच्या खोदकामात चोवीस तारांची केबल तुटली होती. तार म्हणायची, पण आत तांबं नाही, काच. जाडी 125 मायक्रॉन, केसाच्या आसपास. उजेड धावतो तो तिच्या पोटातल्या जेमतेम नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्यात जर्मेनियम मिसळून त्याचा अपवर्तनांक भोवतीच्या काचेपेक्षा किंचित, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, वाढवलेला असतो. एवढ्याशा फरकाच्या जोरावर प्रकाश बाहेर न सांडता वळणं घेत जातो.

इतिहास थोडक्यात उरकतो. मोग्याच्या नरिंदरसिंग कपानींनी लंडनला हॉपकिन्स यांच्यासोबत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवलं. तो लेख 1954 चा. 1966 मध्ये काओ आणि हॉकहम यांनी हिशेब मांडला, की किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा उजेड उरेल इतकी शुद्ध काच मिळाली, तर तिच्यातून संदेश धाडता येतील. 1970 मध्ये कॉर्निंगच्या तिघांनी ती करून दाखवली. आजच्या काचेत तोच एक हिस्सा शंभर किलोमीटरनंतरही उरतो. अशी काच आपल्याकडे वाळूज-शेंद्र्यातही बनते.

पण तुटलेली काच सांधायची कशी?

पोराने रंगीत साल सोलली, तार स्पिरिटच्या कापडाने पुसली. पुसताना ती चुईं वाजते. वाजली की स्वच्छ. मग क्लीव्हरमध्ये धरून टक् केलं. क्लीव्हर कापत नाही, नुसता ओरखडा काढतो आणि ताणाखाली काच आपणच दुभंगते. टोक आरशासारखं सपाट हवं. एक अंशाचाही तिरकेपणा फार झाला. दोन्ही टोकं यंत्रात ठेवून झाकण लावलं की पडद्यावर ती बांबूएवढी दिसतात. चिमुकल्या मोटारी त्यांना वरखाली, डावीउजवीकडे सरकवून गाभ्यासमोर गाभा आणतात. धूळ जाळायला एक हलकी ठिणगी, मग दोन सुयांमध्ये खरा विजेचा झोत. काच वितळते, टोकं एकमेकांत शिरतात आणि रेघ दिसेनाशी होते. यंत्र सांध्याला हलकासा हिसका देऊन बघतं आणि उजेडाच्या घटीचा आकडा दाखवतं: 0.01 डीबी. सांधा बिघडून 0.2 गेले, तर किलोमीटरभर काच वाया गेल्यासारखीच.

मला भुरळ पडली ती या यंत्राच्या हट्टाची. कण दिसला, नकार. टोक तिरकं, नकार. पोरगा मुकाट्याने पुन्हा सोलायला घेतो. काचेचे तुकडे मात्र तो आठवणीने बाटलीत टाकतो. "बोटात घुसला ना साहेब, तर दिसत पण नाही आणि निघत पण नाही."

हे सगळं नंतरचं. आधी तूट सापडावी लागते. ओटीडीआर काचेत उजेडाचा ठोका सोडतो आणि परत आलेल्या क्षीण उजेडावरून अंतर सांगतो. त्याने सांगितलं 6.2 किलोमीटर. ते काचेचं अंतर, रस्त्याचं नव्हे. चेंबरमध्ये वेटोळी असतात, केबलच्या आतली तारही केबलपेक्षा जरा लांब असते. नकाशावर वेटोळी नोंदलेली नव्हती. खोदकामवाले माती ढकलून कधीच निघून गेले होते. संध्याकाळपासून चौघे जण पहार मारत चालत आले, तेव्हा हा खड्डा.

दीडच्या सुमारास वारं सुटलं. व्हॅनचं दार आडोशाला धरून काम चाललं. पोरगा रंगांचा पाढा पुटपुटत होता: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा... डोक्यावरच्या बॅटरीचा उजेड पिवळा पडत चालला होता. साडेतीनला चोविसावा सांधा स्लीव्हमध्ये भाजून निघाला, सांधे झाकणारं क्लोजर बंद झालं, चहाची पिशवी सुटली.

मग एक्स्चेंजमधून फोन. बावीस चालू, दोन बंद.

"राखाडी-पांढरा," पोरगा कुणाकडेही न बघता म्हणाला. पिवळ्या उजेडात त्या दोघांची अदलाबदल झाली होती. यंत्राने दोन्ही सांध्यांना 0.01 दिले होते. त्याला गाभा दिसतो, रंग नाही. पोराने चहाचा कप बोनेटवर ठेवला आणि क्लोजरचे स्क्रू परत काढायला बसला.