पंप ओढण्याची सळई किती जाड असावी?

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांत बागाईत पुष्कळसे ट्यूबवेलवर अवलंबून आहे. ऐन उन्हाळ्यात पंप बिघडला की तिकाटी उभारून तो चेनपुलीने वर काढावा लागतो. पुली ज्या सळईला टांगतात, ती मात्र बहुधा हाताशी येईल ती घेतली जाते. ती तुटल्यास पंप नळांसह खोल जातो आणि जवळच्या माणसाच्या जिवावरही बेतते. म्हणून सळईची जाडी हिशेबानेच ठरवावी.

प्रथम भार काढावा. ५० मि.मी. लोखंडी नळाचे वजन दर मीटरला सुमारे ५ किलो असते. झडपेमुळे नळात अडकून राहणाऱ्या पाण्याचे वजन मीटरला सव्वादोन किलो होते. म्हणजे ६० मीटर नळाचा भार सुमारे ४३५ किलो झाला. पंप व केबल यांचे ६५ किलो धरल्यास एकूण ५०० किलो होतात. भार एकदम पडल्यास ताण दुप्पट होतो. यास्तव १००० किलो धरावेत.

साधे पोलाद दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४१०० किलो ताणास तुटते. माणसे जवळ वावरत असल्याने त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ८०० किलोच, सुरक्षित समजावा. १००० ला ८०० ने भागले असता सव्वा चौरस सेंटिमीटर छेद लागतो.

आटे पाडलेल्या सळईची खरी ताकद आट्यांच्या जागी मोजावी. तेथे छेद पुढीलप्रमाणे भरतो :

१२ मि.मी. – ०.८४ चौ. सें.मी. (अपुरा)
१६ मि.मी. – १.५७ चौ. सें.मी. (पुरेसा)
२० मि.मी. – २.४५ चौ. सें.मी. (गंजाची सूट धरून उत्तम)

जाडी दुप्पट केल्यास ताकद चौपट होते. सळई आखूड केल्याने मात्र ताकद वाढत नाही.

हा हिशेब सरळ ओढीचा आहे. सळई वाकवून केलेला आकडा याहून कमी भारात उघडतो. म्हणून घडीव, भारक्षमता कोरलेला आकडाच वापरावा. बांधकामाची पीळदार सळई वेल्डिंग करून वापरू नये. पुली, साखळी व तिकाटी यांचीही क्षमता तितकीच असावी.

ग्रामसेवकांनी हा हिशेब शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावा. ओढण्यापूर्वी सळई सर्वांत बारीक जागी मोजावी, चीर वा खोल गंज दिसल्यास ती टाकून द्यावी आणि भार टांगलेला असताना तिकाटीखाली कोणासही उभे राहू देऊ नये.