उन्हाळ्यात उकळणारी भूल

नांदेडला मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो. ईथर उकळते 34.6 अंशांना! याच ईथरच्या वाफेने 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये रुग्णाला गुंगी आणून शस्त्रक्रिया झाली आणि जगभर गाजली. आपल्या उन्हाळ्यात मात्र ते रुमालावर ओतावे तो उडून जायचे. शिवाय दिव्याजवळ भडक्याची धास्ती. एडिंबरोच्या सिम्पसन यांनी 1847 मध्ये पुढे आणलेला क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतो, सहजी पेट घेत नाही आणि थोडाच पुरतो. उष्ण मुलखात तोच चालला, यात नवल नाही.

पण त्याने माणसे टेबलावरच दगावत. आधी श्वास थांबतो की हृदय? हा जागतिक वाद लढला गेला हैदराबादेत, म्हणजे नांदेड-लातूर तेव्हा ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत. तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी ‘श्वास’ यावर अडून बसले होते. 1888 मध्ये निजामाने आयोग नेमला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला निष्कर्ष पटेनात, तेव्हा निजामाने 1000 पौंड देऊन लंडनहूनच तज्ज्ञ मागवला. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन आले. कुत्री, माकडे धरून 400हून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. शंका घेऊन आलेले ब्रंटन लॉरींच्या बाजूचे होऊन परतले.

आयोगाचे उत्तर अपुरे निघाले. गुंगी अर्धवट असताना रक्तात अॅड्रिनलिन उसळले, तर हृदयाची लय एकाएकी विस्कटते, हे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले. तरीही श्वासावरून नजर हटवू नका, हा लॉरींचा धोशा बरोबरच होता.

आज क्लोरोफॉर्म हद्दपार आहे. भूलयंत्रावरच्या डब्यात सेव्होफ्लुरेन असते. उग्र वास नसल्याने लहान मुलेही मास्कमधून ते घेतात. हवेत जेमतेम 2 टक्के पुरते. डेसफ्लुरेन या दुसऱ्या भूलद्रव्याची तऱ्हा न्यारी. ते 23 अंशांनाच उकळते, म्हणजे लातूरच्या हिवाळी दुपारीही. गंमत म्हणजे त्याचा डबा विजेवर मुद्दाम 39 अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे वाफेचा दाब एकसारखा राहतो. समोरच्या पडद्यावर श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि हृदयाचे ठोके, दोन्ही सतत दिसत असतात.

या आधुनिक वाफांनीही क्वचित एखाद्याचे अंग जीवघेणे तापते; हा दोष आनुवंशिक असतो. तेव्हा घरात पूर्वी कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला असेल, तर तो शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.